जगाचा तास

मुख्याध्यापकांची मीटिंग परभणीत संपते, पण आमची खरी मीटिंग नंतर बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहावर सुरू होते. हायस्कूलमध्ये 'ग्लोबल एज्युकेशन'ची हवा आल्यापासून तर किस्से इतके साचलेत की चहा गार होतो आणि हॉटेलवाला वैतागतो.

*

पोखर्णीकडच्या गिराम सरांना प्रशिक्षणात साहेबांनी विचारलं, "जागतिक शिक्षणासाठी तुमच्या शाळेत काय आहे?"

सर ताठ मानेनं म्हणाले, "पृथ्वीचा गोल हाय की! पण कुलपात ठेवलाय. पोरं फोडतेत!"

सगळे हसले. सरांना ते लागलं. दुसऱ्याच दिवशी गोल व्हरांड्यात आला, सगळ्यांसाठी खुला. पुढे साहेब तपासणीला गेले, तर गोलाचा रंग उडालेला. "अहो सर, युरोप कुठाय?"

"बोटं फिरवून फिरवून पुसला, साहेब. आता पोरांच्या डोक्यात हाय!"

*

येलदरीकडचे शेख सर पाहुणचाराला पक्के. फिनलंडच्या शाळेशी पहिला व्हिडिओ कॉल. तिकडच्या मुख्याध्यापक बाई स्क्रीनवर आल्या. आता पाहुण्यांचा सत्कार झाल्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रम पुढे सरकतो का? सरांनी शाल उलगडली आणि दिली लॅपटॉपला पांघरून! शेजारी नारळ. टाळ्यांचा कडकडाट! आणि शालीच्या आतून आवाज, "हॅलो? हॅलो?"

आम्ही त्यांना लय छळलं. पण सर ठाम. "बाईंनी मला विचारलं, हे काय होतं? मी म्हनलं, इज्जत! त्यांनी लगेच त्यांच्या पोरांना समजावून सांगितलं. आता बोला, ग्लोबल एज्युकेशन कुनी कुनाला दिलं?"

*

माझाही एक सांगतो. व्हिडिओ कॉलवर इंग्लंडमधल्या एका शाळेचे सर कौतुकानं सांगत होते, की त्यांच्याकडे मुलांना दुसरी भाषा यावी म्हणून मोठा प्रकल्प सुरू झालाय. मी आमच्या पूजाला उभं केलं. ही तांड्यावरची मुलगी. घरी बंजारा, वर्गात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी बसणाऱ्या सबाशी दखनी. पठ्ठीनं सगळ्या बोलून दाखवल्या आणि त्यांचा अर्थ इंग्रजीत सांगितला. ते सर चाट!

"तुमच्या या प्रकल्पाचं नाव काय?"

मी म्हटलं, "मधली सुट्टी!"

खरं सांगतो, त्या दिवशी मला माझ्या शाळेचा फार अभिमान वाटला.

*

पण आमच्या टेबलावर सगळ्यात भाव खाऊन जातात कांबळे मॅडम. पाथरीजवळच्या मुलींच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. दर शनिवारी त्यांच्या मुली केनियातल्या एका शाळेशी बोलतात. शाळेत त्याला 'जगाचा तास' म्हणतात. मॅडमनी या तासात जीव ओतला होता, पण संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब नाराज.

"दहावीचा निकाल सांभाळा, मॅडम. पोरींना काय केनियात नांदायला पाठवायचंय का?"

तास बंद करणार, असं शाळेत सांगूनच ते एका शनिवारी आले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. मॅडमनी तरी लॅपटॉप सुरू केला.

कॉल सुरू झाला. केनियातल्या एका मुलीनं इंग्रजीत विचारलं, "मागे बसलेले ते आजोबा कोण?"

नववीतली सुजाता उठली. न अडखळता इंग्रजीत म्हणाली, "ते आमच्या शाळेचे मालक आहेत. हा तास बंद करायला आलेत. आम्हाला तो हवाय, पण आम्हाला कुणी विचारलेलं नाही."

आबासाहेबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी मॅडमना विचारलं, "काय म्हनली ती पोरगी?"

मॅडमना वाटलं, थोडं गोड करून सांगावं. पण सुजाता त्यांच्याकडेच बघत होती. मॅडमनी शब्दन्‌शब्द मराठीत सांगितला.

आबासाहेब उठले. टोपी सारखी केली. बाकांच्या मधून सावकाश पुढे आले.

"मॅडम, पुढच्या शनिवारी मला पुढच्या बाकावर बसवा. मागून काईच दिसत न्हाई!"