बाबांचं ग्रँड

मी आयर्लंडला निघाले त्या दिवशी घोडपदेवच्या आपल्या चाळीची गॅलरी वाकेल की काय इतके तुम्ही सगळे उभे होतात. बॅग उचलायला चौघं, सूचना द्यायला चाळीस. आईने हातावर दही ठेवलं आणि "थंडीत डोकं झाकत जा" एवढंच म्हणाली. बाबा मात्र टॅक्सीवाल्यासकट सगळ्यांना सांगत होते, "नर्स म्हणून चाललीय. एकदम ग्रँड हॉस्पिटल आहे." हॉस्पिटल त्यांनी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं.

'ग्रँड' हा बाबांचा शब्द. गोदीत कारकुनी करताना कुठल्याशा साहेबाच्या तोंडून त्यांनी तो उचलला आणि घरी आणला. पण उधळला कधीच नाही. शेजारच्या लग्नातलं जेवण 'बरं' असायचं, माझा दहावीचा निकाल 'चांगला'. आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं मनासारखं जमलं, तरच बोटं चाटून म्हणायचे, "ग्रँड झालाय गो." मग आई त्यांना आणखी एक बांगडा वाढायची. भव्य, दिमाखदार, थाटाचं, हे अर्थ मी पुढे डिक्शनरीत वाचले. आमच्या घरात त्याचा अर्थ होता, याहून जास्त काही नको.

आई गेली, मग चाळ पाडली. त्या जागेवर टॉवर आला आणि त्याच्या मागे आपल्यासारख्या जुन्या भाडेकरूंची इमारत. गेटवर सोनेरी अक्षरांत नाव, आणि नावात 'ग्रँजर', म्हणजे ग्रँडचंच थाटातलं रूप. बाबांनी फोटो पाठवला, वर फोन करून म्हणाले, "बिल्डरने आपलाच शब्द लावलाय बघ!" चौदाव्या मजल्यावरची हवा, घरात संडास, नळाला पाणी. जन्मभर बादली घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला याचं कौतुक वाटणारच. मलाही वाटलं. चाळ म्हणजे स्वर्ग होता असले कढ मी काढणार नाही, तुम्हीही काढू नका.

पण दाराचं काय करायचं? आपल्याकडे दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती. कुणाचं लोटलेलं दिसलं की पलीकडून कोणीतरी "काय गो, बरा नाय काय?" म्हणत ते ढकलायचंच. बाबांनी नव्या घरातही तेच केलं. दार आपोआप मिटतं, म्हणून त्यात खुर्ची अडकवली आणि तिथेच पेपर घेऊन बसू लागले. समोर रिकामा पॅसेज. तुमच्यापैकी बहुतेकांनी घरं भाड्याने देऊन विरार-डोंबिवली गाठली. राग नाही, मी तर त्याच्याही कितीतरी पलीकडे आले. नवे भाडेकरू दार उघडतात ते पार्सल घ्यायला.

इकडे वॉर्डात नवी होते तेव्हाची गोष्ट. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना विचारलं, कसं वाटतंय? "ग्रँड," ते म्हणाले. मी खूश होऊन पुढच्या खाटेकडे वळले, तर सीनियर नर्सने थांबवलं. इथली म्हातारी माणसं कळा सोसत असली तरी ग्रँडच म्हणतात, ती म्हणाली. विचारत बसू नकोस, उठताना बघ. इथे हा शब्द आपल्या 'ठीक आहे'सारखा चालतो, दुकानदारसुद्धा सुटे परत देताना म्हणतो. बाबांच्या एवढ्या जपलेल्या शब्दाची ही गत बघून मला तेव्हा हसू आलं होतं. मग एका रविवारी त्यांना फोन केला. जेवलात का, गुडघा कसा आहे, झोप लागते का? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आलं, "ग्रँड." त्या दिवशी मला ती सीनियर नर्स आठवली.

परत ये म्हणणं सोपं आहे. नवऱ्याची नोकरी इथे, लेकीची शाळा इथे. बाबांना एकदा आणलंही होतं. इथेही ते दार सताड उघडून बसले, सगळं घर गारठलं, आणि समोरून कुत्रंसुद्धा गेलं नाही. "तुमच्यात कोण येत-जात नाय काय गो?" असं विचारून थोड्याच दिवसांत परत गेले. सोबतीला बाई ठेवली, तर तिलाच चहा करून पाजतात आणि दुपारी घरी पाठवून देतात. माझ्याने काहीही होत नाही. हे वाक्य मनात म्हणते आणि ड्यूटीवर जाते.

गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलत होतो. ते दारातल्या खुर्चीवर. तेवढ्यात सिक्युरिटीवाला आला. पोटापाण्याला आलेला माणूस, आवाज मऊ. "अंकल, दरवाजा बंद रखना पडेगा. फिर से कम्प्लेंट आया है." बाबा "हो हो" म्हणाले, फोन स्टुलावर टेकवला आणि उठू लागले. खुर्चीचे हात धरले, अर्धे उठले, धपकन बसले. पुन्हा उठले. चौकट धरायला गेलेला हात हवेतच राहिला. "बाबा, पुढे सरका! पाय मागे घ्या!" मी ओरडत होते, त्यांना ऐकू येत नव्हतं. परक्या म्हाताऱ्यांना कोपराला धरून उठवण्यात माझा दिवस जातो. माझा हात आपोआप पुढे गेला आणि फोनच्या काचेवर आपटला.

सिक्युरिटीवाल्याने वाकून त्यांचं कोपर धरलं. "आराम से, अंकल." बाबा उभे राहिले. त्याचा हात न सोडता फोनकडे वळले आणि छाती फुगवून म्हणाले, "मेरी लडकी. उधर बडे हॉस्पिटल में नर्स है. बुड्ढा लोग को वोही संभालती है."

घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी अजून घोडपदेवच सांगते. खोली नाही, गॅलरी नाही, आई नाही. दारात खुर्ची अडकवून बसलेला एक माणूस आहे, तेवढंच घर उरलंय. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर चौदाव्या मजल्यावर जा. कसे आहात, असं विचारू नका. नुसते बसा, आणि ते उठायला लागले की कोपर धरा.