अर्ध्या व्होल्टचा आळ

शालन सोनुलेला राग आला की ती ओरडायची नाही. गप्प व्हायची आणि तिचे कान लाल व्हायचे. मुरगूडची ही मुलगी आयटीआयत रेडिओ मेकॅनिकचा कोर्स करून शिवाजी पेठेत आण्णा चौगुल्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागली. गिऱ्हाईक तिच्या डोक्यावरून आत बघत विचारायचं, "मेकॅनिक न्हाय व्हय?" हातातलं काम न सोडता ती म्हणायची, "बोला की. मीच हाय."

ब्याऐंशी साली कॉलेजात शिकवणारे करंबेळकर सर त्यांचा जुना जर्मन प्रीअँप घेऊन आले. तबकडीचा बारीक आवाज वाढवून मोठ्या अँप्लिफायरकडे पाठवणारं ते खोकं. ते तासभर चाललं की स्पीकरचा पडदा फुगून पुढं यायचा. शालननं मीटर लावला. गाणं नसताना खोक्यातून बाहेर येणारं डीसी व्होल्टेज शून्य हवं. सुरुवातीला ते होतंही. पण पाऊण तासात काटा सरकत सरकत अर्ध्या व्होल्टवर गेला. अँप्लिफायर तेच कितीतरी पटींनी वाढवून स्पीकरमध्ये ढकलणार. स्पीकरमधली कॉइल जळायला आणखी काय लागतं?

"आण्णा, ह्यो तापल्यावर बिघडतोय," ती म्हणाली. "दोन दिवस ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेली असताना आण्णांनी बटणं साफ केली, दहा मिनिटं गाणं वाजवलं आणि सेट सरांना देऊन टाकला. तिसऱ्या दिवशी सर भर दुकानात ओरडत आले. स्पीकर जळाला होता. आण्णांनी शालनकडं बोट केलं. "हिनं हात घातलाता. बाईमाणूस, चुकलं आसंल."

दुकानात पाचसहा माणसं होती. एकजण हसला. शालननं मीटर आणि सोल्डरगन पिशवीत टाकली.

"सर, तुमच्या घरी चला."

"आता कशाला?"

"आत्ताच."

घरी तिनं प्रीअँपची अँप्लिफायरकडं जाणारी वायर काढली, आत काहीच आवाज जाऊ नये म्हणून इनपुट शॉर्ट केला आणि मीटर लावला. सरांनी पुस्तक उघडलं, ते तिनं मिटून बाजूला ठेवलं. "काट्याकडं बघा. तुमच्या डोळ्यानं बघा."

पाऊण तासात काटा चढला. मग तिनं गरम सोल्डरगन आतल्या एकेका ट्रान्झिस्टरजवळ नेली, न टेकवता. पहिल्या जोडीतल्या डावीकडच्याजवळ नेताच काटा उडाला. त्याला गार करायला स्पिरिटचा बोळा ठेवला, तर काटा खाली उतरला.

"ही दोघं एकमेकांना तोलून धरत्यात. ह्यो एक तापला की तोल सुटतोय. माझा हात लागायच्या आधीपास्नंच."

सरांनी चष्मा पुसला. "बरोबर असेल तुमचं. पण पुण्याहून भाचा येतोय, इंजिनिअर आहे. एकदा त्याला दाखवतो."

तिचे कान पेटले. "बघितलासा न्हवं? मग भाच्याला काय दिसणार हाय?" सरांनी पुस्तक परत हातात घेतलं. "दाखवा. बदलला तर जोडी बदलायला सांगा, एक न्हाय." आणि ती निघाली. आण्णांकडं परत गेलीच नाही.

भाच्यानं एकच बदलला. काटा आता उलट बाजूला सरकायला लागला. पंधरा दिवसांनी सर सेट घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले. परत पाठवावं असं तिला फार वाटलं. पण सेटचा काय गुन्हा? तिनं तीसएक ट्रान्झिस्टर मीटरवर तपासून अगदी सारखे दोन निवडले, बसवले आणि दोघं सारखेच तापावेत म्हणून एकमेकांना चिकटवून तांब्याच्या तारेनं बांधले. दोन तास झाले तरी काटा शून्य सोडेना.

"मी आण्णांना सांगतो तुमची चूक नव्हती," सर म्हणाले.

"नुसतं आण्णास्नी नको. दुकान भरल्यालं असताना सांगा."

सर आण्णांकडं गेलेच नाहीत. महिनाभर वाट बघून एका शनिवारी, गर्दीच्या वेळी, तीच दुकानात शिरली. "आण्णा, तपासल्याबिगार सेट तुमी दिलासा. मी न्हाय. बोला, व्हय का न्हाय?"

माणसं वळून बघायला लागली. आण्णा खाली मान घालून म्हणाले, "व्हय. झालं ते झालं. सोमवारपास्नं ये कामाला."

"मरा तिकडं," ती म्हणाली.

पुढं कागलच्या स्टँडजवळ एका शिंप्याच्या दुकानात तिनं टेबलापुरती जागा घेतली. सर एकदा तिथं रेडिओ घेऊन आले. शालननं तो दुरुस्त करून दिला, पण त्यांना बसा म्हणाली नाही.