हाकेविना ओढलेला दोर

पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून पुण्याच्या हौदांत येई. नळात गाळ साचला की वाटेवरच्या उभ्या विहिरींतून दोराने माणूस खाली सोडत. ही माणसं गेनबाच्या हाताखाली होती. बारा वर्षं तो त्यांचा मुकादम होता.

त्यांच्यातला जयसिंग एकदा अर्ध्यातूनच घाबरून वर आला. सोबतचा गडी मच्छिंद्र सगळ्यांदेखत म्हणाला, "याला लुगडं नेसवा." तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. गेनबाने त्यांना वेगवेगळ्या विहिरींवर लावलं आणि चार महिने काम बिनबोभाट चाललं.

मग ही गोष्ट नळावर देखरेख करणाऱ्या श्रीधरपंत कारकुनांच्या कानावर गेली.

"भांडण किती दिवस लपवणार? एकाच दोरावर लावा दोघांना. बोलतील झक मारत."

"पंत, खालचा आन् वरचा बोलला न्हाई तर माणूस जाईल."

"अस्सं? मग मुकादम कशाला नेमलाय, हौदातले मासे मोजायला?"

गेनबाने दोघांना एका विहिरीवर लावलं. दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र खाली उतरला आणि जयसिंगाने वर दोर धरला. गेनबा तिथेच थांबणार होता, पण पंतांनी पुढच्या विहिरीवर बोलावलं म्हणून गेला.

खाली एक दगड निसटून मच्छिंद्राच्या पायावर बसला. त्याने दोराला हिसके दिले, पण हाक मारली नाही. ज्याला भित्रा म्हटलं, त्याच्याकडे मदत मागायची? वर जयसिंग मनात म्हणत होता, तोंड आहे की, मारील हाक. हिसके थांबले तरी तो तसाच उभा राहिला. गेनबा परतला, त्याने दोर चाचपला, दुसऱ्या एकाला खाली सोडून दगड हलवला आणि मच्छिंद्राला वर काढलं. माणूस वाचला, पाय गेला.

चौथ्या दिवशी पंत गेनबा आणि जयसिंगाला घेऊन मच्छिंद्राच्या घरी चौकशीला आले.

जयसिंग खाली बघत म्हणाला, "हाकेबिगर दोर वढायचा न्हाई, असं मुकादमांनीच सांगितलं व्हतं."

गेनबा बाजेकडे वळला. "मच्छिंद्रा, सांग रं. म्या असं कवा म्हनलो?"

मच्छिंद्राने कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा जयसिंगाकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर आपण हट्टाने हाक मारली नाही, हेही सांगावं लागलं असतं.

"व्हय," तो म्हणाला. "तसंच म्हनले व्हते."

"पंत, यास्नी एका दोरावर आपनच लावलं."

"एकत्र लावा म्हणालो. टाकून जा म्हणालो नव्हतो."

आपणच बोलावलंत, हे गेनबाच्या ओठांवर आलं होतं. पण बाजेवरच्या त्या निकामी पायाकडे पाहून तो बोलला नाही. जायला नको होतं, हे त्याला ठाऊक होतं.

त्याचं काम गेलं. मच्छिंद्राला हौदावर राखणीला बसवलं. जयसिंग रोज दुपारी त्याच्यासाठी भाकरी घेऊन जाई, दोघं एका फडक्यावर जेवत. पंत येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवून म्हणत, "पाहिलंत? मी सांगितलं होतं."

गेनबा कोथरूडच्या एका शेतावर मोट हाकू लागला. बायको मैना एकदा म्हणाली, "पंतांस्नी खरं सांगा की जाऊन." तो म्हणाला, "त्यास्नी म्हाईत हाय."

पुढे तो शहरात आला की तहान लागली तरी हौदावर थांबत नसे. नदीपर्यंत चालत जाई आणि तिथे पाणी पिई.