माझा चांगला पाय

शेळ्यांना पाला टाकता टाकता माझ्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय लुळा पडला. बीडच्या दवाखान्यातून युसूफ वडगावला घरी आणलं तेव्हा धाकटे दीर बाजेजवळ बसून म्हणाले, "वहिनी, आता पडून ऱ्हावा. लकवा झालाय, शुगर हाय, गुडघा तर कवाच गेलाय. काहून जिवाला तरास?"

"पडून काय करू भावजी? छताचे पत्रे मोजू?" जीभ जड होती, शब्द वाकडेतिकडे निघाले, पण त्यांना कळायचं ते कळलं.

अडचण मोठीच होती. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "चांगल्या पायावर भार द्या." आता माझा चांगला पाय म्हणजे झिजलेल्या गुडघ्याचा उजवा. एक पाय ऐकत नव्हता, दुसरा ऐकायचा पण ठणकायचा. मालक काखेत हात घालून उभं करायचे आणि मी दातओठ खात उभी राहायचे.

एकदा सकाळी इन्शुलिन घेतलं आणि भाकरी खायच्या आधीच व्यायामाला लागले. दरदरून घाम फुटला, हात थरथरला, डोळ्यांपुढं अंधारी आली. घरात रडारड. दुसरा झटका समजून जीपमधून बीडला नेलं. झटका नव्हता, साखर उतरली होती. घरी आल्यावर सगळ्यांनी ठरवलं, व्यायाम बंद. दीर मालकांना म्हणाले, "दादा, या हट्टापायी वहिनीचा जीव जाईल."

"जीव माझा हाय," मी बाजेवरून म्हणाले. "मला इचारलं का कुणी?"

मालकांनी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, बंद करू नका, बदला. आधी खायचं, मग व्यायाम. गुडघ्याला पट्टा. उभं राहण्याआधी खुर्चीत बसूनच मांडीत बळ आणायचं. तुम्हाला इतरांपेक्षा जास्त वेळ लागेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"लागू द्या," मी म्हणाले.

लागलाच. माझ्यानंतर लकवा झालेला गल्लीतला एक जण बाजारात चालत जायला लागला, तेव्हा मी अजून खुर्चीत बसून पाय झुलवत होते. लई राग यायचा. त्या रागातच पाय वर उचलायचे.

आता काठी टेकत गोठ्यापर्यंत जाते. डावी मूठ अजून उघडत नाही. उघडेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. शेळीची धार एका हातानं काढते. परवा दीर तिथं येऊन म्हणाले, "वहिनी, इकून टाका की शेळ्या. झेपत न्हाई तुमाला."

मी दुधाचं भांडं त्यांच्याच हातात दिलं. "नीट धरा," म्हणाले, "सांडू नका."