चूळकाकू

"चूळ भरलीस?" काकू रोज सकाळी जिन्याखालून ओरडायच्या. घरात पाहुणे असले तरी. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या मराठी मुलांनी त्यांचं नाव चूळकाकू ठेवलं होतं आणि मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. त्या ओरडल्या की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

काकूंनी तीस वर्षं हॉस्पिटलात दम्याच्या पेशंटना श्वास घ्यायला शिकवलं होतं. माझा रोजचा स्टिरॉइडचा पंप मी शॅम्पूच्या बाटलीमागे लपवते, हे त्यांना आठवड्यात कळलं. त्या चिडल्या ते पंपावरच्या उरलेल्या डोसच्या आकड्यावर. "सोमवारी अठ्ठ्याण्णव, आज शुक्रवार, अजून अठ्ठ्याण्णवच! आणि दम लागल्यावर घ्यायचा तो निळा पंप संपत आलाय. अगं, निळा म्हणजे आगीचा बंब. हा रोजचा कशासाठी? आग लागूच नये म्हणून. बरं वाटत असलं तरी घ्यायचा."

मग मला बेसिनसमोर उभं केलं. पूर्ण श्वास सोड, पंप दाबत हळू आत ओढ, दहा मोजेपर्यंत थांब. शेवटी चूळ, नाहीतर औषध तोंडात राहून पांढरा थर धरतो. मी नळ सोडून त्या आवाजात हळूच थुंकायचे. "मांजर शिंकलं वाटतं," काकू म्हणायच्या. "जोरात थुंक. लाजतेस कुणाला?"

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी म्हणालं, "यार, स्टिरॉइडची सवय लागते," की हातातली बटाटेवड्यांची प्लेट खाली ठेवून त्या वळायच्या. "सवय तुम्हाला श्वासाची लागलीय. ती सोडून दाखवा आधी!" डोस कमी करायचा तर डॉक्टरला विचारून, मंडळाला विचारून नाही, हे त्यांनी किती जणांना सुनावलं असेल! लोक हसायचे. मीही हसायचे, मान खाली घालून.

जानेवारीत पुण्याहून आई आली. ओहायोतल्या डब्लिनचं एक स्थळ मला बघायला येणार होतं. काकू तेव्हा तीन आठवडे मुलाकडे गेल्या होत्या. "थोडे दिवस तो पंप नको गं, मनू. चेहरा सुजतो त्यानं. आणि त्या लोकांसमोर तर नकोच," असं म्हणून आईनं दोन्ही पंप स्वतःच्या बॅगेत टाकले. मी काही बोलले नाही. आपण किती समजूतदार, असंच तेव्हा वाटलं असावं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी काकू परतल्या. बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरात आई मिरच्यांची फोडणी देत होती आणि मी ओटा धरून उभी होते. माझं एक वाक्य पूर्ण होत नव्हतं. काकूंनी कोटही काढला नाही. "निळा कुठाय?" आईनं बॅगेची चेन उघडेपर्यंत त्यांनी अँब्युलन्ससाठी नऊ-एक-एक लावला होता.

हॉस्पिटलात मला बोलता यायला लागल्यावर त्या माझ्यावरच कडाडल्या. "तुझ्या आईला माहीत नव्हतं. तुला होतं! अशीच गप्प राहून मरशील एक दिवस, आणि सगळे म्हणतील, किती शांत मुलगी होती."

"काकू, जरा हळू बोला ना," आई म्हणाली.

"हळू बोलूनच ही वेळ आली."

महिन्याभरात मी ती खोली सोडली. त्या खरं बोलल्या, याचाच राग होता. पुन्हा फोन केला नाही. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्याचं मंडळाच्या ग्रुपवर वाचलं. खाली जोडलेल्या हातांची लांबलचक रांग. त्यात त्यांना हसणारे सगळे होते.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. "फार तापट होत्या, पण मनानं चांगल्या," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "तू अजून घेतेस का गं ते?"

"तापट नव्हत्या, आई. बरोबर होत्या! पंप तू बॅगेत टाकलेस आणि मी टाकू दिले. आणि आपण दोघींनी त्यांना साधं थँक यूसुद्धा म्हटलं नाही." इतक्या मोठ्यानं मी आईशी कधीच बोलले नव्हते.

मी फोन बेसिनपाशी टेकवून ठेवला. तिच्या देखत श्वास सोडला, पंप ओढला, दहा मोजले. चूळ भरली आणि जोरात थुंकले.

"ई! काय गं हे!" आई म्हणाली.

मी पुन्हा चूळ भरली.