मालकांचा देशी गहू

यूपीएससीचे सगळे प्रयत्न वाया गेल्यावर माझ्याकडे शेतीची पदवी आणि दिल्लीच्या द्वारकेतली भाड्याची खोली एवढंच उरलं. मग नजफगडच्या पुढे एका फार्महाऊसवर शेती बघायची नोकरी धरली. मालक टाइल्सचे व्यापारी. देशी वाण जपायचा त्यांनी ध्यास घेतला होता. निदान पाहुण्यांना ते तसं सांगायचे.

शेजारच्या रानात एक जाट म्हातारी उंच, लाल कुसळांचा जुना गहू घरापुरता पेरायची. तिच्याकडून टोपलीभर बी मी मागून आणलं.

"पाणी बेताचं द्या, युरिया नको. आडवा पडेल," तिने बजावलं. "आणि कापणी झाली की टोपलीभर बी परत द्यायचं."

मी मालकांना तसंच सांगितलं.

"अरे यार, उपाशी ठेवून कुठलं पीक येतं?" म्हणत त्यांनी युरियाच्या गोण्या उतरवून घेतल्या. मी कृषी पदवीधर. गोण्या मोजून घेतल्या.

मार्चमध्ये वारा सुटला आणि गहू लोळला. दोन दिवसांनी पाहुणे यायचे होते. मालकांनी बांबू आणि नायलॉनची दोरी आणवून बांधाकडच्या चार ओळी उभ्या बांधून घेतल्या. त्यांच्यापुढे पाहुण्यांनी फोटो काढले. कापणीत हाती आला तेवढा गहू दळून, तागाच्या पिशव्यांत भरून पाहुण्यांकडे पोचवला गेला.

"बियाण्यापुरता तरी ठेवायला हवा होता," मी म्हणालो.

"बियाण्याला म्हातारी आहे ना," मालक म्हणाले.

ऑक्टोबरात म्हातारीने बी मागितलं. मालकांनी मंडीतला गहू टोपलीत भरून दिला आणि मी तो तिच्या दारात नेला. तिने मूठभर दाणे तळहातावर पसरले, एक दाताखाली फोडला.

"हा माझा नाही. तू तर शिकलेला आहेस ना?"

तिने टोपली म्हशीपुढे ओतली आणि रिकामी माझ्या हातात दिली.

"अडाणी बाई," मालक म्हणाले, आणि मंडीतलाच गहू पेरायला लावला. तो बुटका, लोळला नाही. मालकांनी पाहुण्यांना सांगितलं, बघा, देशी वाण कसा ताठ उभा राहतो. पाहुण्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, किती जुना वाण? "खूप जुना," मी म्हणालो.

नोकरी सोडली ती दुसरी मिळाल्यावरच.