खिशातला गूळ

बैलगाडा शर्यतीआधी मुठीत मावणाऱ्या काळ्या मशीननं बैलांना शॉक देतात, असं कानावर आलं म्हणून आम्ही चौघं प्राणिमित्र चाकणजवळच्या घाटात, धावपट्टीच्या कडेला, पाळत ठेवून होतो. एका म्हाताऱ्या गाडामालकाचा हात खिशातून निघेना. मी कावलोच.

"बाबा, खिसा दाखवा."

त्यानं गुळाचा खडा काढून बैलाला चारला. "लेकरावानी हाय त्यो, राव. शॉक कशाला दिऊ?"

मी ओशाळलो. माफी मागितली आणि दोघांचा फोटो घ्यायला माझा काळा मोबाईल वर धरला. मोबाईल दिसताच बैल थरथर कापत मागं सरला, दाव्याला हिसके देऊ लागला.

"उन्हानं करतोय तसं," म्हातारा म्हणाला.

आम्ही मांडवाच्या सावलीत उभे होतो.